तमाशाचे देणे

नोव्हेंबरच्या पाच तारखेला सांगलीत मराठी रंगभूमीचा वाढदिवस साजरा होतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांपुढे ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्याची ही आठवण. पूजा होते, भाव्यांच्या नावाचे गौरवपदक एखाद्या थोर कलावंताला दिले जाते, भाषणे होतात आणि ‘नाट्यपंढरी’ हा शब्द प्रत्येक वक्त्याच्या तोंडून निदान एकदा तरी निघतो. हे सारे योग्यच आहे. पण याच सुमारास, दसरा उलटला की, कनाती, ढोलक्या, ट्रंका आणि माणसे लादलेले तमाशाचे ट्रक बाहेर पडतात. या गावची जत्रा संपवून त्या गावची गाठायची, असा त्यांचा फेरा वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. आपण अभ्यंगस्नान करून फराळाला बसतो त्या सकाळी फडातल्या बाया कुठल्या तरी माळावर तीन दगडांची चूल पेटवीत असतात. तीही मराठी रंगभूमीच आहे. तिच्या वाढदिवसाची तारीख मात्र आपण कधी शोधली नाही.

माझे भांडण आहे ते इथे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी तमाशाकडून जेवढे घेतले तेवढे दुसऱ्या कुठल्या कलेकडून घेतले असेल असे मला वाटत नाही. तरीही आपण नाटकाचा वारसा सांगतो आणि तमाशाचे किस्से सांगतो. वारसा सांगणाऱ्यावर वडिलांचे कर्ज फेडण्याची जबाबदारी येते. किस्सा सांगणारा टाळी घेऊन मोकळा होतो. सणासुदीला देण्याघेण्याचा विषय काढू नये, असे कुणी म्हणेल. पण दिवाळीत आपल्याकडे वहीपूजन असते, आणि नवी वही घालताना जुनी बाकी तीत ओढून घ्यावी लागते. ती बाकी किती आणि कुणाची, एवढेच मी येथे मांडणार आहे.

परदेशातले उदाहरण दिले की आपल्याकडची माणसे लवकर कान देतात, म्हणून आधी पॅरिसला जाऊ. १८८९ साली, आयफेल मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, तेथील मोंमार्त्र वस्तीजवळ ‘मूलाँ रूज’ नावाचे एक नाचघर उघडले. मूलाँ रूज म्हणजे लाल पवनचक्की. दारावर खरोखरीच एक लाल चक्की, आत बँड, दारू, विनोदी नकला आणि पाय उंच उडवून नाचायचा कॅनकॅन नावाचा नाच. नाचणाऱ्या मुली गरीब घरांतल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली लुईझ वेबेर ही आधी धोबिणीचे काम करणारी पोर. लोक तिला ‘ला गुल्यू’ म्हणत. बड्या उमराव घराण्यात जन्मलेला तुलूझ-लोत्रेक हा चित्रकार तेथे रोज जाऊन बसे. १८९१ साली त्याने त्या नाचघरासाठी ला गुल्यूचे जे भित्तिपत्रक काढले, ते आज कलेच्या इतिहासात शिकवतात. हे नाचघर १९१५ साली आगीत सापडले, पुन्हा उभे राहिले. २०२४ च्या एप्रिलमध्ये एका रात्री त्या चक्कीची पाती कोसळली, तर जगभरच्या वृत्तपत्रांनी बातमी दिली, आणि ऑलिंपिक सामन्यांच्या आधी, जुलैत, नवी पाती बसलीसुद्धा. आपल्याकडचे कुटुंबवत्सल प्रवासीही त्या चक्कीखाली सहपरिवार उभे राहून फोटो काढून घेतात आणि तो आल्यागेल्याला दाखवतात. तमाशाच्या कनातीपुढे काढलेला फोटो कुणी दिवाणखान्यात लावला असेल, तर मी त्या घरचा पत्ता विचारून नमस्कार करायला जाईन!

पण पॅरिसची गोष्ट इथे संपत नाही. ज्या लुईझ वेबेरच्या पायांवर ते नाचघर चालले, ती म्हातारपणी कफल्लक झाली. त्याच नाचघराच्या आसपास शेंगदाणे आणि सिगारेटी विकून ती पोट भरीत असे. १९२९ साली ती वारली आणि शहराबाहेर पुरली गेली. तिच्या अस्थी मोंमार्त्रच्या दफनभूमीत सन्मानाने आणल्या त्या १९९२ साली. चक्की जपली, भित्तिपत्रक जपले. बाईची आठवण व्हायला त्रेसष्ट वर्षे लागली. तेव्हा पॅरिसने कॅबरेचा वारसा कसा जपला, याचे गोडवे गाताना हा हिशेबही ध्यानात ठेवावा. इमारतीचा अभिमान आणि माणसाचा विसर हा रोग आपलाच एकट्याचा नाही. आपला दोष एवढाच की आपल्याला इमारतीचाही अभिमान नाही. आणि असणार तरी कसा? आपली चक्की म्हणजे चार बांबूंवर ताणलेली कनात. सकाळी ती गुंडाळली की माळ मोकळा.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. कागदावर जिल्हे दोन झाले, तरी कृष्णा-वारणेच्या काठची ढोलकी एकच राहिली. वाळवे तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. १८६६ साली कुलकर्ण्यांच्या ब्राह्मण घरात श्रीधर म्हणून जन्मलेला हा माणूस वतन, जात आणि सोवळे सोडून फडात उतरला आणि मराठी लावणीचा शाहीर ठरला. त्याच तालुक्यातले वाटेगाव अण्णा भाऊ साठ्यांचे. १९२० साली मांगवाड्यात जन्मलेल्या या मुलाने तमाशाच्या साच्यात कामगारांचे दुःख ओतले आणि लोकनाट्य उभे केले. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरचे कवलापूर हे काळू-बाळूंचे. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. पण ‘जहरी प्याला’ या वगातल्या हवालदारांच्या सोंगांनी त्यांची खरी नावे पुसून टाकली आणि सबंध महाराष्ट्राने त्यांना काळू-बाळू केले. वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीची अदाकारी शंभरीपर्यंत सांभाळून २०१८ साली गेल्या. कांताबाई सातारकर गुजरातेत जन्मल्या, साताऱ्यात वाढल्या आणि साताऱ्याचे नाव आडनावासारखे लावून गावोगाव नाचल्या. नवऱ्याच्या, तुकाराम खेडकरांच्या, पश्चात त्यांनी फड आपल्या खांद्यावर घेतला आणि २०२१ च्या मे महिन्यात करोनाने त्यांना नेले. दोन जिल्ह्यांच्या एका कोपऱ्यात एवढी माणसे! दुसऱ्या कुठल्या देशात हा मुलूख असता तर शाळेच्या सहली तिकडे गेल्या असत्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो रसिकांकडून. ‘तमाशा करमणूक म्हणून ठीक, पण त्याला नाटक कसे म्हणावे?’ या मंडळींना मी त्यांच्याच नाट्यपंढरीचा इतिहास सांगते. भाव्यांना नाटकाची प्रेरणा कुठून मिळाली? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनी पाहिला आणि असे काही मराठीत करून दाखव, म्हणून भाव्यांना सांगितले. म्हणजे गावोगाव हिंडून पोट भरणाऱ्या खेळकऱ्यांच्या उष्ट्या ताटातून मराठी नाटकाने पहिला घास घेतला! भाव्यांच्या खेळात आधी गणपती येई, सरस्वती येई, सूत्रधाराशी विदूषकाची चेष्टा चाले, मग कथानक. तमाशात आधी गण, मग गौळण, गौळणीत मावशी आणि पेंद्या, मग बतावणी, मग वग. दोन सख्ख्या बहिणींची ठेवण यापेक्षा अधिक काय जुळावी? एक राजवाड्यात वाढली, दुसरी वेशीबाहेर, फरक एवढाच.

आणि वग म्हणजे काय, हे ज्यांनी रात्र जागून पाहिलेले नाही त्यांनी नाटकाच्या व्याख्या कराव्यात हे मोठे गमतीचे आहे. वगाला पुष्कळदा लिहिलेली संहिता नसते. कथानकाचे टप्पे ठरलेले, गाणी ठरलेली. मधले बोलणे सरदार आणि सोंगाड्या बोर्डावर उभ्या उभ्या रचतात. त्या गावच्या पाटलाची लकब, त्या वर्षीच्या दुष्काळाचे अनुदान, तलाठ्याची खाबुगिरी, सारे त्या रात्रीच्या वगात येते. राजाच्या तोंडावर राजाला वेडा म्हणायची मुभा एका सोंगाड्यालाच असते आणि समोर बसलेले पाच हजार लोक त्याला साक्षी असतात. माइक नव्हते तेव्हा मागे उभे राहणारे झिलकरी शेवटचा सूर उचलून कनातीच्या टोकापर्यंत पोचवीत. हे नाट्यशास्त्र नसेल, तर नाट्यशास्त्रालाच काही शिकण्याची गरज आहे.

या साच्याचे बळ ज्यांनी ओळखले ती माणसे रसिक म्हणवणारी नव्हती. जोतीरावांच्या अनुयायांनी ओळखले. सत्यशोधक जलसे निघाले ते तमाशाचीच ढोलकी घेऊन. गणपती आणि गौळण बाजूला ठेवून त्यांनी सावकार आणि भटशाहीवर बतावणी रचली आणि साताऱ्याकडच्या खेड्यांत शिक्षणाचा विचार पोचवला. आंबेडकरी जलसेही याच वाटेने गेले. बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच मातीत उभे राहिले, तेव्हा शाहीर शंकरराव निकमांसारख्यांची डफ-तुणतुणी लोकांना जागे ठेवीत होती. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ चे. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याच ठेक्यावर लाखोंच्या सभा डोलल्या. ज्या कलेने मुलूख जागा केला, तिला आपण रात्र जागवणारी म्हणून हिणवतो!

दुसरा आक्षेप सोवळ्यांचा: तमाशा अश्लील आहे. हा आक्षेप मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी कोरेगाव तालुक्यातली. आमच्या गावच्या जत्रेत फड येई आणि आम्हा मुलींना माडीवर कोंडून कडी लावली जाई. कडीला ढोलकी अडत नाही, त्यामुळे आम्हाला सारा वग तोंडपाठ होता, फक्त तो पाहिलेला नव्हता. घरातली यच्चयावत पुरुषमंडळी मात्र कनातीत, आणि तीही पुढच्या रांगेत. दौलतजादा करायला नोटा त्यांच्याच, शिट्या त्यांच्याच, आणि सकाळी दात घासताना ‘काय मेला हा वाह्यातपणा’ असे म्हणणेही त्यांचेच. अश्लीलतेचा हा सारा खर्च पुरुषांनी करायचा आणि पावती मात्र नाचणारीच्या नावाने फाडायची, हा न्याय मला तेव्हाही कळला नाही, आजही कळत नाही.

सरकारनेही हाच न्याय केला. स्वातंत्र्य मिळाले आणि थोड्याच काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण सुधारणेच्या अटीवर. वगाची संहिता आधी तपासून घ्यावी, असा दंडक आला. जी संहिता मुळात तोंडावर जन्मते ती कागदावर आणून साहेबापुढे ठेवायची! विद्वानांनी तमाशाला स्नान घातले, धूतवस्त्र नेसवले आणि ‘लोकनाट्य’ असे बारशाचे नाव दिले. त्या नावाखाली काही सुंदर कृती झाल्या, हे मी आनंदाने सांगते. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ चे; दादा कोंडक्यांनी त्याचे शेकडो प्रयोग केले आणि पांढरपेशा बायका प्रथमच सोंगाड्याला मोकळेपणाने हसल्या. पण स्नान झाले ते कलेचे. कलावंतीण होती तिथेच, राहुटीत, राहिली. शहरातल्या थिएटरात तिकीट काढून जे पाहिले ते लोकनाट्य, आणि माळावर जे राहिले ते तमाशा, अशी वाटणी झाली.

हीच वाटणी पुढे कायद्याच्या कलमांत उतरली, आणि तीही आमच्याच सांगलीकडच्या माणसाच्या हातून. २००५ साली तासगावचे आर. आर. पाटील गृहमंत्री होते. आबांचा हेतू निर्मळ होता, याविषयी मला शंका नाही. गाव झाडून घेणारा तो माणूस होता. मुंबई-पनवेलच्या डान्सबारांत खेड्यातली पोरे जमिनी उधळतात, हे त्यांना दिसत होते. त्यांनी बारमधल्या नाचावर बंदी आणली. पण कायद्यात एक पाचर होती: तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेले, क्लब, जिमखाने यांना ही बंदी नाही! म्हणजे तोच नाच परमिट रूममध्ये झाला तर समाज बिघडतो आणि झुंबराखाली झाला तर संस्कृती होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली तो कायदा रद्द केला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. गरिबांचा नाच आणि श्रीमंतांचा नाच असा भेद राज्यघटनेला मान्य नाही, हेच त्यांतले सार. आपण मात्र तो भेद न्यायालयाआधी शंभर वर्षे मान्य केलेला होता आणि निकालानंतरही सोडलेला नाही. कॅबरे पाहून आलेला माणूस ‘अनुभवी’ ठरतो, तमाशा पाहून आलेला ‘नादी’!

तिसरा आक्षेप मात्र असा आहे की त्यापुढे मी मान खाली घालते, कारण तो सोवळ्यातून आलेला नाही, जखमेतून आलेला आहे. तमाशात नाचल्या त्या कुणाच्या मुली? महारामांगांच्या, कोल्हाट्यांच्या, डोंबाऱ्यांच्या. पठ्ठे बापूरावांबरोबर ज्या पवळाबाईच्या रूपाने आणि गळ्याने महाराष्ट्र वेडा झाला, ती संगमनेरजवळच्या हिवरगावची महाराची लेक. बापूराव ब्राह्मण असून फडात गेले म्हणून त्यांच्या त्यागाची गाणी झाली. पवळाने काय सोडले आणि तिला काय सोडता आले असते, हे कुणी विचारले नाही. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते घेण्याचे नाकारले, अशी हकीकत सांगतात. आमच्या मुलींना नाचवून मिळवलेला पैसा आमच्या मुक्तीला नको, असा त्या नकाराचा अर्थ. हा नकार विसरून जो कुणी तमाशाचे गोडवे गाईल तो खोटारडा आहे. जातीने ज्यांना नाचायला लावले त्यांच्या नाचाला नुसती ‘आपली थोर परंपरा’ म्हणणे म्हणजे वेठीला सेवा म्हणण्यासारखेच झाले.

मग हा वारसा टाकून द्यावा काय? ज्यांच्या आयाबायांनी तो सोसला, त्या घरांतल्या मुलींनी टाकला तर त्यांना दोष देणारी मी कोण? त्यांनी शिकावे, मास्तरीण व्हावे, मामलेदार व्हावे, आणि ढोलकीचा आवाजही कानी घेऊ नये. त्यांचा तो हक्कच आहे. पण टाकण्याचा हा हक्क तुमचा-आमचा नाही. आपण देणेकरी आहोत. घेणेकऱ्याने कर्ज माफ केले तर ती त्याची थोरवी. देणेकऱ्याने आपले आपणच माफ करून घेणे याला दिवाळे म्हणतात, दिवाळी नव्हे.

आणि आपण घेतले किती, ते पाहा. १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या एका थिएटरात एकशे एकतीस आठवडे चालला. १९७२ चा ‘पिंजरा’, २०१० चा ‘नटरंग’, प्रत्येक पिढीला तमाशाने एक-एक गल्लाभरू चित्रपट दिला. शाळेच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसलेल्या पोरी लावणी करतात, सोसायटीच्या गणपतीत डॉक्टरीण-वकिलीण बायका करतात, टीव्हीवर परीक्षक उभे राहून टाळ्या पिटतात. मला त्याचा आनंदच वाटतो. माडीची कडी निघाली म्हणायची. पण ज्या बाईकडून ही लावणी आली तिचे पुढे काय झाले, हे त्या टाळ्यांत कुणी विचारत नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतिपदक मिळाले होते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या, ही गोष्ट महाराष्ट्र मोठ्या कौतुकाने सांगतो. यात कौतुक कसले? ज्या कलेत बाळंतिणीला एका रात्रीची सुटी मिळत नव्हती, तिच्या प्रेक्षकांनी ही गोष्ट सांगताना लाजावयास हवे. २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीत. त्यानंतर चार वर्षांत त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. ला गुल्यूला त्रेसष्ट वर्षे लागली, आपण चार वर्षांतच केले. पण दोघींच्याही पदरात पडले ते मेल्यावर.

हे जुने झाले म्हणाल, तर अलीकडचे सांगते. एका जत्रेत मी गेले होते. गावाचे नाव घेत नाही, कारण ते कुठल्याही गावाचे असू शकेल. मध्यरात्री पाऊस आला आणि वग अर्ध्यावर थांबला. सकाळी फडाची मालकीण ठरलेली बिदागी घ्यायला कमिटीकडे गेली, तर कमिटीने पावसाचे म्हणून निम्मे पैसे कापले. मंडपवाल्याचे कापले नाहीत, डीजेवाल्याचे कापले नाहीत, फटाकेवाल्याचे तर आधीच दिलेले होते. त्या बाईने नोटा दोनदा मोजल्या, कपाळाला लावल्या आणि म्हणाली, ‘दादा, साठ मानसं हायती माझ्या पदरी. पाऊस काय मी पाडला?’ कमिटीतले एक गृहस्थ हसले. मी त्या हसण्यावर हा सारा लेख लिहिते आहे, असे समजा.

एका खेळामागे साठ माणसे म्हणजे काय, याचा विचार करा. नाचणाऱ्या, गाणारे, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाडे, स्वयंपाकी, ड्रायव्हर, कनात ठोकणारे. पावसाळ्यात काम नाही, म्हणून फडमालक व्याजाने पैसे काढून माणसांना उचल देतो आणि जत्रांच्या हंगामात ते फेडतो. दोन रात्री बुडाल्या की व्याज चढते. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे करोनाने जत्राच बंद केल्या, तेव्हा फडांवर काय ओढवले असेल, ते वेगळे सांगायला नको.

म्हणून माझे मागणे भव्य नाही. स्मारके बांधा असे मी म्हणत नाही. पुतळ्याला बिदागी द्यावी लागत नाही, म्हणून तो आपल्याला फार आवडतो. गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी ठरलेली बिदागी लेखी ठरवावी आणि निम्मी खेळाच्या आधी द्यावी. कनातीमागे बायांसाठी आडोशाची न्हाणी, संडास आणि पिण्याचे पाणी असावे. गावजेवणाला जिथे हजारो पाने उठतात तिथे हे अवघड नाही. फडातल्या मुलांची शाळा बुडते. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या पोरांसाठी वसतिगृहे काढली, तिथे या पोरांसाठी हंगामात एक वसतिगृह काढायला कुणाची हरकत असावी? म्हाताऱ्या कलावंतांचे मानधन त्यांना कचेरीचे उंबरे न झिजवता मिळावे. आणि सांगलीकरांना एक विनंती: पाच नोव्हेंबरच्या सप्ताहात भाव्यांच्या नावाच्या नाट्यगृहात एक रात्र अस्सल ढोलकी-फडाचा वग होऊ द्या. गाळून, धुऊन, पाऊण तासाचा नको. गणापासून मुजऱ्यापर्यंत, रात्रभर. भागवत मंडळींचा खेळ ज्या राजाने आदराने पाहिला, त्याच्या गावाला ही रीत नवी नाही.

आणि वाचकहो, तुमच्याकडे एक मागणे. यंदाच्या हंगामात पालच्या, पुसेगावच्या किंवा तुमच्या गावच्या जत्रेला जाल तेव्हा तिकीट काढून कनातीत जा. आईला न्या, बायकोला न्या, वयात आलेल्या मुलीलाही न्या. घरातल्या बाया समोर बसल्या की शिट्या आपोआप थांबतात. पोलिसांनी आणि परिनिरीक्षण मंडळांनी इतक्या वर्षांत जे साधले नाही ते चार आज्या पुढच्या रांगेत बसल्या की साधते, हे मी पाहिलेले आहे. खेळ वाईट वाटला तर उठून या, नावे ठेवा, वर्तमानपत्रात पत्र लिहा. नाटकाला आपण हे सारे करतोच. चांगला वाटला तर मालकिणीला भेटा, तिचे नाव विचारा आणि घरी जाऊन ते नाव सांगा.

पाडव्याला वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावर ‘श्री’ काढाल, लाभ लिहाल. त्या खाली एक ओळ जुन्या बाकीची लिहा: तमाशाचे देणे. रक्कम प्रत्येकाने आपल्या मनाशी घालावी, आणि हंगाम संपायच्या आत फेडावी.